चाकांच्या वाट्याची धार

चिमाजी भोये दारू पीत नसे. कोणी विचारलं तर तो तसं सांगायचा आणि त्यात त्याला काही खोटं वाटत नसे. पेठ तालुक्यातल्या डोंगरात त्याचा पाडा. तिथं मोहाची दारू घरोघर निघायची, लग्नात निघायची, मयतीला निघायची. माणसं गोल करून बसली की चिमाजी हळूच उठायचा आणि जीपचं बॉनेट उघडून त्यात डोकं घालायचा. "ह्याला इंजिनाचा वास चढतो," असं पोरं म्हणायची.

देवाचं घेणं मात्र वेगळं. ते कोणी पिण्यात धरत नव्हतं. नवं आलं, म्हणजे शेतातला पहिला भात आणि पहिली नागली घरात आली, की आधी देवाला दाखवायची. मग हत्यारांची पाळी. विळा, कोयता, नांगर, ज्याच्या जिवावर वर्ष निघालं त्या प्रत्येकाला पळसाच्या द्रोणातून दारूची धार सोडायची आणि द्रोणात उरलेलं त्या हत्याराच्या धन्यानं हत्याराच्या नावानं घ्यायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. विळ्याच्या वाट्याचं कोणी घेतलं नाही तर विळा रुसतो आणि पुढच्या हंगामात बोट कापतो, एवढं तर लेकरांनाही ठाऊक होतं.

चिमाजीनं पाड्यात जीप आणली तेव्हा एक नवीनच पेच पडला. जीप त्याची नव्हती. नाशिकजवळच्या मखमलाबादकडं फुलांची शेती करणाऱ्या खंडेरावांनी ती घेतली होती, काळी-पिवळी, प्रवासी वाहणारी. चिमाजी रात्री ती पाड्यात लावायचा आणि सकाळी माणसं भरून नाशिकला न्यायचा. पहिल्याच वर्षी नव्याच्या दिवशी पाड्याची देवाची कामं करणारा सोमा भगत काठी टेकत जीपभोवती फिरला आणि थांबला.

"हिला पाय किती रे?"

"चार. आन् एक मागं टांगलाय."

"टांगलेला कशाला?"

"चारातला एक गेला तर लावायला."

सोमा भगतानं बराच विचार केला. "मंग भूक त्यालाबी असंलच की. नांगराला फाळ एक, त्याचा द्रोण एक. हिचे पाच."

असा हा रिवाज बसला. पाच द्रोण. प्रत्येकातलं थोडं टायरवर आणि थोडं चिमाजीच्या पोटात. आता सोमा भगत म्हातारा, हात थरथरणारा. कधी धार टायरवर पडे, कधी मडगार्डवर, कधी चिमाजीच्या पायावर. द्रोणात किती उरलं हे कोणी बघत नव्हतं. बघायचं कारणही नव्हतं.

दोन हजार एक सालचं नवं आलं तेव्हा चिमाजीच्या घरात आनंद होता. एसटीच्या ड्रायव्हर भरतीत त्याचं नाव निवड यादीत लागलं होतं. डोळे तपासून झाले होते, मैदानात बस चालवून दाखवून झाली होती, आता पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला गेला की हुकूम येणार होता. चिमाजीच्या मनात एकच गाडी होती, पेठहून निघून डोंगरातल्या गावी मुक्कामाला येणारी बस. ती त्यानं लहानपणापासून बघितली होती. ड्रायव्हर खाली उतरला की गावातलं कोणीतरी त्याच्यासाठी खाट टाकायचं. आपल्याच गावात, सरकारी खाकी घालून, खाटेवर बसायचं, आणि बायकोनं पाणी आणून द्यायचं, एवढं त्याचं स्वप्न होतं. त्याची बायको ठमाबाई म्हणायची, "पाणी तू आपला आपण घेशील. पण खाट मी टाकीन."

त्या दिवशी सकाळी नवं झालं. दुसऱ्या दिवशी दसरा, त्यामुळं दुपारी नाशिकच्या बाजाराला जाणारी माणसं जीपमध्ये कोंबून बसली. चिमाजी निघाला. त्याला काहीच वेगळं वाटत नव्हतं. ऊन होतं, पोट भरलेलं होतं, रस्ता पाठ होता.

घाटातल्या एका वळणावर तिथल्याच वस्तीतली कुसाबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती. जीप वळली, भाऱ्याला आरसा लागला, आणि भारा, कुसाबाई आणि तिच्या शिव्या असं सगळं एकदम रस्त्याच्या कडेच्या चारीत गेलं. चिमाजीनं करकचून ब्रेक मारला. खाली उतरून धावला. बाई चारीत बसलेली, अंगभर गवत.

"लागलं का गं मावशे?"

"लागलं तुझ्या बापाला! गाडी हाय का रेडा हाय?" कुसाबाई उठली, लुगडं झटकलं, दोन पावलं चालून बघितलं. "जा, जा. बाजार उठंल तुझा."

जीपमधली माणसं म्हणाली, तीच मधी आली. चिमाजीनं भारा बांधून तिच्या डोक्यावर दिला आणि जीपमध्ये बसला. पण हात पहिल्यासारखे हलके राहिले नाहीत. ब्रेक वेळेवर मारला होता का? त्या वळणावर तो रोज कुठल्या झाडाशी पाय ब्रेकवर ठेवतो, ते त्याला आठवेना. रोजची गोष्ट कोण लक्षात ठेवतं?

शहराच्या तोंडाशी नाकाबंदी लागली होती. सणाचे दिवस, डोंगरातून येणाऱ्या गाड्या, पोलिसांनी सगळ्या गाड्या बाजूला घ्यायला लावल्या होत्या. हवालदारानं खिडकीतून डोकं आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"अरे बापरे! काय रे, भट्टी घेऊन चाललास काय? दारू प्यायलास?"

"नाय साहेब."

"तोंड उघड."

चिमाजीनं तोंड उघडलं. हवालदारानं नाक मुरडलं. "आणि हा वास कसला?"

"तो देवाचा, साहेब."

मागच्या सीटवरचे हसले. हवालदारही हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "देव पितो आणि वास तुझ्या तोंडाला येतो होय? वर खोटं बोलतोस. उतर खाली."

चिमाजीला खरंच कळेना आपण खोटं काय बोललो. त्याला विचारलं होतं, दारू प्यायलास का. तो प्यायला नव्हता. त्यानं चाकांचा वाटा घेतला होता. हे पोलिसाला कसं सांगायचं, याची जुळवाजुळव करत तो उभा राहिला आणि तेवढ्यात माणसं उतरून पायी बाजाराकडं गेलीसुद्धा.

त्याला चौकीत बसवलं. मग गाडी नव्हती, मग गाडी आली तर सोबत जायला माणूस नव्हता, मग माणूस आला तर त्याला चहा प्यायचा होता. सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा दिवे लागले होते. डॉक्टरांनी तोंडाचा वास घेतला, सरळ रेषेत चालायला लावलं, बोट नाकाला लावायला सांगितलं. चिमाजीनं सगळं नीट केलं. रक्त कोणी काढलं नाही. डॉक्टरांनी लिहिलं आणि पोलिसानं कागद घेतला. जामिनावर सुटून तो रिकाम्या हातानं एसटीनं घरी आला. जीप चौकीच्या आवारात राहिली.

ठमाबाईनं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मंग दाखला?"

चारित्र्याचा दाखला. तोपर्यंत तो चिमाजीच्या डोक्यात आलाच नव्हता.

दसरा झाल्यावर खंडेराव भेटले. माणूस वाईट नव्हता, पण जीपवाचून झेंडू बाजारात गेला नव्हता आणि दसऱ्याची विक्री बुडाली होती. "चिमाजी, कोर्टात हो म्हणून टाक. दंड मी भरतो, विषय संपला. असल्या केसी रोज होतात. कोण लक्षात ठेवतंय?"

"पण एसटी लक्षात ठेवंल ना, खंडुशेठ."

"मग नाही म्हण. पण काय ते लवकर म्हण."

कोर्टाच्या आवारात कोणीतरी त्याला सांगितलं की आदिवासी माणसाला सरकार फुकट वकील देतं. चिमाजीला हे विचित्रच वाटलं. सरकारनंच धरायचं आणि सरकारनंच सोडवायला माणूस द्यायचा. पण माणूस खरंच मिळाला. प्रतिभाताई वकील, तरुण, चष्म्यातून रोखून बघणाऱ्या, बोलताना बोटांवर मोजून मुद्दे सांगणाऱ्या.

"चिमाजी, नीट ऐका. पोलिस तुम्हाला थांबवू शकतात. लायसन मागू शकतात, द्यायचं. यंत्रात फुंकायला सांगितलं तर फुंकायचं, तिथं नाही म्हणता येत नाही. पण नुसत्या वासावर कुणी तुम्हाला दारू पिऊन चालवणारा ठरवू शकत नाही. कायद्यात माप आहे. रक्तात किती, त्याचं माप. तुमचं माप घेतलं कुणी?"

"नाय."

"अटक केल्यावर दोन तासांत डॉक्टरकडं नेलं?"

"दिवे लागले होते."

"झालं तर! ही केस उभी राहत नाही." त्यांनी पेन टेबलावर आपटलं. मग सहज विचारलं, "बरं, मला खरं सांगा. किती घेतली होती?"

चिमाजी म्हणाला, "चाकांनी घेतली बरीच."

प्रतिभाताईंनी चष्मा काढला. चिमाजीनं त्यांना सगळं सांगितलं, सोमा भगत, पाच द्रोण, मागं टांगलेलं चाक. त्या आधी हसल्या, मग थांबल्या, मग पुन्हा हसू आवरून म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या पोटात एक पेला गेला की तीन, हे तुम्हालाही माहीत नाही."

"नाय ना ताई. भगताचा हात हालतो."

"मग कुणालाच माहीत नाही. उत्तम. कोर्टात विचारलं तर नाकबूल म्हणायचं. बाकी काही बोलायचं नाही."

चिमाजी मान हलवून बाहेर पडला. सुटणार हे नक्की झालं होतं, तरी त्याला बरं वाटेना. ताईंनी माप म्हटलं होतं. माप नाही म्हणून गुन्हा नाही. पण माप घेतलं असतं तर? आणि माप कमी आलं असतं, तरी त्या वळणावर पाय उशिरा पडला असेल तर? की पाय वेळेवरच पडला होता आणि बाईच मधे आली होती? हे विचार त्याच्या डोक्यात गिअर न पडणाऱ्या गाडीसारखे करकरत राहिले. खंडेरावांना विचारावं तर ते म्हणणार लवकर काय ते म्हण. ताईंना बाईचं सांगितलंच नव्हतं. ठमाबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "बाई चालत गेली ना? मंग तू कशाला लंगडतोस?"

शेवटी एक दिवस तो घाटातल्या त्या वळणाशी उतरला आणि विचारत विचारत कुसाबाईच्या घरी गेला. तिनं त्याला ओळखलं नाही. ओळखल्यावर आधी शिव्या दिल्या, मग बसायला घोंगडी टाकली.

"मावशे, एकच सांग. त्या दिशी मी वाकडा आलो का तू मधी आली?"

"का रे? पोलिसानं धाडला का तुला?"

"नाय. मलाच पाहिजे."

कुसाबाईनं गालावर हात ठेवला. खूप आठवायचा प्रयत्न केला, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मग ती खुदकन हसली.

"आता कसं सांगू लेका? आमचंबी नवं होतं ना त्या दिशी! विळ्याचा वाटा घेतला, कोयत्याचा घेतला, आन् नवरा खाटेवर पडलेला, म्हून त्याच्या कुऱ्हाडीचाबी मीच घेतला. मला तं रस्ताच दोन दिसत होते. त्यातल्या कुठल्यावर तू होता, कोणाला ठावं?"

चिमाजी तिच्याकडं बघत राहिला. ती इतकी मोकळी हसत होती की त्यालाही हसू आलं. चहा पिऊन तो निघाला. निघताना कुसाबाई म्हणाली, "पण आरसा लय जोरात लागला हां. दोन दिस मान दुखत होती." हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, जसं आलं तसं सांगितलं. चिमाजीचं हसू मात्र वाटेतच विरलं. तो आला होता एक गोष्ट सुटी करायला, आणि गुंता वाढवून परत चालला होता.

कोर्टात त्याचा पुकारा झाला. न्यायाधीश वयस्क होते, आवाज हळू. त्यांनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

चिमाजीनं तोंड उघडलं. ताईंनी शिकवलेला शब्द तोंडात तयार होता. पण निघालं भलतंच.

"साहेब, घेतली होती."

प्रतिभाताईंनी झटकन मान वळवली.

"म्हणजे कबूल?" न्यायाधीशांनी विचारलं.

"ते ठरत नाय साहेब."

कोर्टात कोणीतरी हसलं. न्यायाधीशांनी तिकडं एकदा बघितलं आणि हसू बंद झालं. "हे बघा, इथं उत्तरं दोनच. कबूल किंवा नाकबूल."

"नाकबूल, सर," प्रतिभाताई म्हणाल्या.

"वकील म्हणतात नाकबूल. तुम्ही काय म्हणता?"

"घेतली हे खरं. गुन्हा झाला का नाय ते मला कळत नाय. ती बाई मधी आली का माझा पाय उशिरा पडला, ते..."

"कुठली बाई?"

प्रतिभाताई उभ्याच होत्या, आता पुढं झाल्या. न्यायाधीशांनी समोरचे कागद पुढं-मागं केले. मग चिमाजीकडं बघून, जरा नरम आवाजात म्हणाले, "या कागदांत बाई कुठं नाही. जे कागदात आहे तेवढंच मला विचारता येतं." आणि त्यांनी नाकबूल लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर प्रतिभाताईंनी त्याला झाडाखाली उभं केलं आणि जे सुनावलं ते तिथल्या चहावाल्यानंही ऐकलं. "नोकरी पाहिजे ना तुम्हाला? मग हे काय होतं? कुणी विचारलं नसताना कशाला बोलता?"

"म्हूनच तं, ताई. कोणी विचारतच नाय."

ताईंनी चहा सांगितला, दोन.

पुढं केस उभी राहिली ती फार वेळ टिकली नाही. हवालदारानं साक्षीत सांगितलं की वास येत होता. ताईंनी विचारलं, तोंडाला की गाडीला? हवालदार प्रामाणिक निघाला. म्हणाला, टायरपासून टपापर्यंत येत होता. रक्त काढलं नव्हतं, वेळ निघून गेली होती, डॉक्टरांनी चाल व्यवस्थित असल्याचं लिहिलं होतं. चिमाजी निर्दोष सुटला. निकालाची नक्कल गेली, चारित्र्याचा दाखला गेला आणि ज्या हुकमाची आशा खंडेरावांनीही सोडली होती तो आला.

ठमाबाईनं पाड्यात गूळ वाटला. नवीन खाट विणून घेतली.

हजर व्हायला चिमाजी नाशिकला गेला तेव्हा ठमाबाई हट्टानं बरोबर गेली. साहेबांनी कागद बघितले आणि म्हणाले, "भोये, नशीबवान आहात. पेठच्या डेपोत जागा आहे. तुमचाच मुलूख. मालेगावलाही आहे. दुसऱ्या कुणी मागायच्या आत सांगा."

"मालेगाव द्या," चिमाजी म्हणाला.

साहेबांना वाटलं, चुकून म्हणाला. "मालेगाव? अहो, तिकडं कोण आहे तुमचं?"

"कोणी नाय साहेब."

तिथून, द्वारकेच्या चौकातून, ते दोघं सीबीएसच्या एसटी स्थानकात रिक्षानं आले. बाकड्यावर बसल्यावर ठमाबाईचा बांध फुटला.

"येडा झालास काय? मुक्कामाची बस तुझी, गाव तुझं, खाट मी विणली. आन् तू चालला मालेगावला? तिकडं अहिराणी बोलतील, ते तं तुला कळणारबी नाय!"

"शिकंन."

"पण का? कोर्टानं सोडला ना तुला?"

"सोडला." चिमाजी पिशवीचे बंद उगाच बांधत-सोडत होता. "इथं नवं आलं की भगत गाडीजवळ येणार. बस लय मोठी हाय, ठमे. सहा चाकं, आन् स्टेपनी. त्याला नाय म्हणवंल का मला? आन् हो म्हटलं तं मागं पन्नास माणसं बसलेली. तिकडं मला ओळखणारं कोणी नाय. कोणी द्रोण घेऊन येणार नाय."

"मंग तू नवं करणारच नाय का आता?"

"करीन की. रजा टाकीन, एसटीत मागच्या सीटवर बसून येईन."

"आन् घेशील?"

"घेईन. देवाचं हाय ते."

ठमाबाई त्याच्याकडं बघत राहिली. कोर्टात न्यायाधीश बघत होते तशीच, कपाळाला आठ्या घालून. "तू घेणार, देवाचं म्हणणार. कोर्ट म्हणतं तुझा गुन्हा नाय. त्या कुसाबाईचं काय म्हणणं नाय. मंग मालेगावला तू जातोस तं कशाबद्दल?"

चिमाजीनं तोंड उघडलं. चाकांपासून सुरुवात करावी की वळणापासून, की त्या मान दुखण्यापासून, हे त्याला सुचेना. एक वाक्य जमलं असं वाटलं, तर ते अर्ध्यात दुसऱ्याच वाक्यात शिरलं.

"थांब, सांगतो," तो म्हणाला.

पण तेवढ्यात मालेगावची गाडी फलाटाला लागली आणि माणसं दाराकडं धावली. चिमाजी पिशवी उचलून उठला.